लाह्यांच्या माळा

शनिवार, ७ फेब्रुवारी

मन थाऱ्यावर नाही. आज मंजूचा सातवा वाढदिवस. दोन दिवस खपून मी मक्याच्या लाह्यांच्या माळा ओवल्या, मधेमधे हिरवी द्राक्षं. दारात माळा, खिडकीत माळा. शेजारणी म्हणाल्या, "किती हौस हो तुम्हाला!" मी फुलून गेले. मुलांनी तर माळा तोडून खाल्ल्या. तेवढ्यात मंजूनं सगळ्यांदेखत विचारलं, "आई, माझ्याच वाढदिवसाला फुगे का नाहीत?" मी तिला चापट मारली. वाढदिवसाच्या दिवशी! फुगे आणता आले नसते का? आले असते. पण त्या लाह्यांच्या माळांचं कौतुक मला हवं होतं.

आत्ता तिला म्हटलं, "चुकलं गं माझं."

"मग उद्या आणूया फुगे?"

उद्या कशाला? गंगापूर रोडवरचं दुकान अजून उघडं असेल. ती चपला घालून दारात उभीच आहे.