पडदा गुलाबी झाल्याबद्दल

आदरणीय साडूभाऊ,

टेबलाखालून निघाल्यावर कंबर जितकी वाकते तितकं वाकून नमस्कार. ताईंचा गुडघा कसा आहे? लेक सासरी रुळली का? इकडे सगळं ठीक, म्हणजे ही ठीक आहे, मी संपलो आहे.

लेकीच्या लग्नाचा अल्बम मी हौसेनं अंगावर घेतला (‘विहीणबाईंनी नाव ठेवता कामा नये’ ही ताईंची ताकीद लक्षात होती). मुलाकडच्यांचे फोटो कॉम्प्युटरवर नीटनेटके करून उरकले आणि माझ्या जुन्या मॉनिटरनं मान टाकली. तुम्ही मोठ्या मनानं तुमचा पाठवलात. तो जोडला, तर सगळं जग गुलाबी! भिंत गुलाबी, मांजर गुलाबी, आणि तुम्ही तर इतके गुलाबी की मीच लाजलो. हिला म्हटलं, मॉनिटर बिघडलाय. झालं! ताईकडून आलेली वस्तू (म्हणजे हिच्या लेखी माहेरचीच) बिघडू शकते हे हिला मान्य नाही. म्हणाली, आधी स्वतःचे डोळे तपासा. तपासले. नंबर वाढलाय, गुलाबी तो गुलाबीच.

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर काढून पुन्हा ठोकून बसवली. मॉनिटरची बटणं दाबली, तर त्याची भाषाच बदलली. आता तो कुठल्याशा लिपीत काहीतरी विचारतो आणि मी निमूटपणे हो म्हणतो. शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. मी टेबलाखाली, म्हणून बोलली ही. “अहो, पडदा गुलाबी दिसतोय.” तो घाईत होता. म्हणाला, “जुना असेल, बदलून टाका.” संध्याकाळी पाहतो तो खिडकीला नवेकोरे पडदे! साडूभाऊ, मी खरोखर रडलो. ही म्हणाली, “रंग नाही का आवडला?”

अल्बम छापायला द्यायची वेळ आली, तेव्हा मीच डोकं चालवलं (इथेच घात झाला). मॉनिटर सगळं गुलाबी दाखवतो ना, मग आपल्याकडच्या प्रत्येक चेहऱ्यावर थोडा हिरवा चढवायचा. चढवला. पडद्यावर सगळे माणसांत आले. अल्बम छापून रवाना झाला. त्यानंतर दुरुस्तीवाला उगवला. त्यानं वायर उपसली, तिच्या टोकाची एक पिन वाकली होती (माझ्या ठोकण्यानं), ती चिमट्यानं सरळ केली. तुमचा मॉनिटर निर्दोष आहे. हिचा आनंद गगनात मावेना. मी आपल्या मंडळींचे फोटो उघडले आणि डोळे मिटून घेतले.

आपला,
रंगांवरचा विश्वास उडालेला साडू

ता. क. : अल्बम आधी व्याह्यांकडे पोचलाय. त्यात मुलाकडचे सगळे टवटवीत आणि आपण सगळे कच्च्या पेरूसारखे. लेक नवऱ्याशेजारी गोरीपान, तुमच्याशेजारी हिरवी.

ता. क. दुसरा : विहीणबाईंचा फोन आला होता. सुनेला माहेरची हवा बाधते असं त्यांचं मत पडलंय; खात्री होईपर्यंत तिला तुमच्याकडे पाठवणार नाहीत. पोर रडतेय म्हणे. रविवारी डॉक्टरांना घेऊन व्याही-विहीण तुम्हाला बघायला येताहेत. मी मॉनिटरचं सांगणारच होतो, पण ‘ताईच्या मॉनिटरचं नाव काढायचं नाही’ म्हणून हिनं चिमटा काढला. घाबरून मी सांगून टाकलं, की हो, आजार होता, सगळ्यांना होता, आता उतरलाय. तेव्हा रविवारी, लेक घरी यायला हवी असेल तर, कृपा करून कुणीही खोकू नका.