ताटापुढे सारा देश

ओगासे, ३ ऑक्टोबर

चि. तेइझो यास फुमिएताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. वादळाला आज बारा दिवस झाले. अकरा होड्या बुडाल्या. गावातल्या आठ जणांचे देह मिळाले, तुझ्या दाजींचा नाही. म्हणून परगावी गेलेल्या माणसासाठी वाढतात तसं मी रोज दुपारी त्यांच्या जागेवर ताट वाढते. भात, सार, मुळ्याचं लोणचं. वाटीच्या झाकणाला आतून थेंब जमले, की माणूस धड आहे म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, तो गेला, आता त्याच्या नावाने उदबत्ती लाव. मी कसली ऐकतेय! चार होड्या रोज शोधायला जातात, तोवर मला धीर आहे.

तू म्हणे आता पंतप्रधानांची भाषणं लिहितोस. शाळेत तुझे निबंध कोण लिहायचं, ते मात्र साहेबांना सांगू नकोस. जेवणाची आबाळ करू नये. माया आहेच.

तुझी,
ताई

तोक्यो, ९ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न.

वि. वि. परवाचं रेडिओवरचं भाषण माझं. त्यात तुला न विचारता तुझं ताट घातलं. आधी मी खरं तेच लिहिलं होतं, की एक बाई नवऱ्याची वाट पाहत ताट वाढते. वरिष्ठ म्हणाले, वाट पाहून देशाला धीर येत नाही, दुःखाला कुठेतरी शेवट लागतो. मग मीच बदललं: ‘एका घरी, न परतणाऱ्यासाठी नैवेद्य वाढला जातो. त्या ताटापुढे सारा देश नतमस्तक आहे.’

वाक्य जमलं, ताई, हेच वाईट झालं. कचेरीतली माणसं डोळे पुसत होती. वरिष्ठांनी पाठ थोपटली आणि मला बरंही वाटलं. घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा लाज वाटली. दुरुस्ती करू या म्हणून काल गेलो, तर म्हणाले, देश आत्ता कुठे सावरतोय, खपली काढू नकोस. होड्या अजून जातात ना? तेवढं कळव. रागाव, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा,
तेइझो

ओगासे, १५ ऑक्टोबर

चि. तेइझो यास आशीर्वाद.

वि. वि. होड्या थांबल्या. भाषणाच्या तिसऱ्या दिवशी नाखवा ओसाकाबे दारात येऊन ओशाळे उभे राहिले. म्हणाले, खुद्द पंतप्रधानांनी मान झुकवल्यावर शोधत राहायचं म्हणजे त्यांना खोटं पाडायचं, वहिनी. कुठल्या कुठल्या गावांहून मयताला वाहायची पांढरी शेवंती येते आहे. ठेवायला घरात जागा नाही.

रागावले. फार रागावले. पण सगळं तुझ्या माथी मारता येत नाही. त्या संध्याकाळी रेडिओपुढे मीही बसले होते. शब्द तुझे आहेत हे ठाऊक नव्हतं. इतकं मायेनं कोणी बोललं नव्हतं रे. वाटलं, चला, संपलं, आता रडायला हरकत नाही. पोटभर रडले. खूप दिवसांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी होड्या समुद्रातच होत्या. मला कोणी अडवलं नव्हतं. तरी मी ताट वाढलं नाही. विसरले. लक्षात आलं तेव्हा ऊन उतरलं होतं.

तब्येतीला जप. तुझ्यावरची माया काही उणी झालेली नाही.

तुझी,
ताई