खड्ड्यातले चाक

१६ जानेवारी

संक्रांत झाली. आजपासून रोज लिहायचे. डायरी पतसंस्थेने फुकट दिली. कागद पातळ, शाई मागच्या पानावर उमटते. फुकट आहे म्हणून काहीही हातात ठेवायचे का?

ठराव : आठ दिवसांत विजेचे चाक पसंत करायचे.

कारण वडिलांचे दगडी चाक जड झाले आहे. खांदा ठीक आहे. चाकच जड झाले आहे. होळीआधी माठ मोहाडीच्या बाजारात गेले नाहीत तर चिंचेखालची जागा जाणार. तिथे वडील बसत, आता मी बसतो. शेजारी गार पाण्याचे प्लास्टिकचे कॅम्पर विकणारा बसतो. दर बाजाराला तो आपली ताडपत्री वीतभर आमच्याकडे सरकवतो. मागच्या खेपेला मी ती पायाने परत सरकवली. त्याने पाहिले. मी पण त्याच्याकडे पाहिले.

बायको म्हणते, तुमच्यानं चाक फिरवायची काठी फिरत नाही त मी बसते चाकावर. शकुनला मी एकदाच सांगितले. आमच्या घरात बायकांनी माती भिजवायची, तुडवायची, खडे वेचायचे, मडकी थापायची, रंगवायची, भट्टी लावायची, डोक्यावर बाजारात न्यायची. एवढे सगळे तिला मोकळे आहे. फक्त चाकाला हात लावायचा नाही. एक गोष्ट तरी पुरुषाला ठेवा.

१९ जानेवारी

पैसे बायकांच्या बचत गटातून मिळणार आहेत, त्यामुळे सही शकुनची. निवड माझी. तिला हे स्पष्ट केले. ती भाकरी थापत होती, हो म्हणाली. नक्की कशाला हो म्हणाली ते कळले नाही.

२२ जानेवारी

शहापूरला हायवेवरच्या दुकानात गेलो. तिथे प्रफुल्ल नावाचा पोरसवदा सेल्समन आहे. केसांना जेल. मातीशी संबंध शून्य, पण तोंड पंख्यासारखे चालू.

पहिले मॉडेल : आवाज फार. दुसरे : आवाज अजिबात नाही, म्हणजे दम नाही. तिसरे : रंग निळा. निळ्या चाकावर माठ घडवायला मी काय सर्कशीत आहे? चौथ्याला पायाने दाबायचे पेडल. ते चाक नव्हे, शिलाई मशीन झाले. प्रफुल्ल म्हणाला, सगळ्यालेच पेडल असते काका, बसून त पाहा. बसलो नाही. पांढरा पायजमा होता.

परत येताना खांद्याला एसटीच्या दांड्याचा हिसका बसला. जे काय दुखते ते त्यामुळे.

३० जानेवारी

आठ दिवस उलटले. दोष माझा नाही. घाईने निवड करणे हा अडाणीपणा.

टेकचंद चहाच्या टपरीवर भेटला. शकुनचा धाकटा भाऊ, आमच्या अंगणाला लागून त्याची बांधी, म्हणजे धानाचे शेत. आयुष्यात धानाशिवाय काही पाहिले नाही. दहा लोकांसमोर म्हणतो, भाऊजी, चाक पाहून राहिले का पोरीच्या लग्नासाठी जागा पाहून राहिले? लोक हसले. मीही हसल्यासारखे केले. टेकचंदचे नाव मनात लिहून ठेवले.

जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हापासून त्या बाजूचे गिऱ्हाईक आटले. त्यावर कोणी बोलत नाही. मी चाक घेतले नाही यावर मात्र सगळे बोलतात.

४ फेब्रुवारी

पुन्हा शहापूर. या वेळी शकुन आणि सून रुचिका बरोबर. मुलगा मंगेश नागपूरला कंपनीत आहे, त्याच्या खोलीत दोघे मावत नाहीत म्हणून सून आमच्याकडे. चार बुकं शिकलेली आहे, पण ते तोंडावर दाखवत नाही. हे मला जास्त झोंबते.

मी वॉरंटीबद्दल प्रफुल्लला खडे बोल सुनावत होतो, तेवढ्यात मागे माती थापल्याचा आवाज आला. शकुन निळ्या चाकावर बसली होती. विचारले नाही, सवरले नाही. लुगडे खोचून घेतले होते आणि हातात गोळा वर येत होता. काहीतरी वाटीसारखे झाले. प्रफुल्लने टाळ्या वाजवल्या. त्याला सांगितले, ती कमाल विजेची आहे.

मग मी बसलो. दाखवणे भागच होते. पेडल दाबले. मशीनला माझ्या हाताचा जोर सहन झाला नाही. गोळा उडाला तो थेट प्रफुल्लच्या शर्टावर. रुचिकाने पदर तोंडाला लावला. तिला सर्दी असावी.

निवड केली : निळेच. कारण सगळ्यांत वजनदार तेच. हलक्या वस्तूवर माझा विश्वास नाही. शकुनने सही केली आणि मी पावती खिशात ठेवली.

१० फेब्रुवारी

चाक आले. गावातले सगळे रिकामटेकडे बघायला.

अडचण : हे चाक उंच आहे. त्याच्यापुढे स्टुलावर बसायचे. मी काय बँक मॅनेजर आहे? माझे वडील जमिनीवर उकिडवे बसून घडवत, आजोबा तसेच. गुडघे कानाशी आल्याशिवाय मडके गोल होत नाही. हे कंपनीवाल्यांना कोण सांगणार?

उपाय मला अंघोळ करताना सुचला. माणूस वर चढायची गरजच नाही. चाक खाली उतरवायचे! खड्डा खणून चाक त्यात बसवायचे, वरची थाळी जमिनीबरोबर. इतका सोपा विचार कोणाला सुचला नाही याचे नवल वाटते. कंपनीला पत्र पाठवीन म्हणतो.

११ फेब्रुवारी

खड्डा खणला. म्हणजे शकुन आणि रुचिकाने खणला, मी नजर ठेवली. नजर ठेवणाऱ्याचाही खांदा दुखतो, हे कोणाला पटत नाही.

जागा अंगणाच्या टोकाला, टेकचंदच्या बांधीच्या धुऱ्यालगत, म्हणजे बांधालगत. वडिलांचे चाक तिथेच होते, ते बाजूला हलवले. टेकचंद धुऱ्यावर उभा राहून म्हणाला, भाऊजी, इथं कायले? उन्हाळी धानाले पाणी सोडतो मी, पाझरते इकडं. त्याला म्हणालो, तुझे पाणी तुझ्या बांधीत सांभाळ, मला माती शिकवू नको. तो गेला. जाताना डोके हलवत गेला. त्याला मानेचा विकार आहे.

रुचिका म्हणाली, मामाजी, मोटर खाली रायते, पाणी सांडन त्याच्यावर. तिला सांगितले, कुंभाराच्या घरात पाण्याला घाबरून चालत नाही.

१३ फेब्रुवारी

पूजा केली. हळदकुंकू, फूल, नारळ. नारळ चाकाच्या कडेवरच फोडला, थोडे पाणी आत गेले. शुभ असते.

उकिडवा बसलो. पेडल खड्ड्याच्या तळाशी, पाय पोचेना. रुचिकाला पालथी झोपवून हाताने पेडल दाबायला लावले. मी वरून हळू, जोरात, हळू असे सांगत होतो. ती हळूच्या वेळी जोरात दाबत होती, हे मी नमूद करून ठेवतो. मग लाईट गेली. लोड शेडिंगवाल्यांनी आजचाच दिवस शोधला.

लाईट आल्यावर एक माठ पूर्ण केला. एका बाजूला किंचित कललेला. ओतायला सोपे जावे म्हणून. शकुन त्याच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. कौतुक करण्याची तिला सवय नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळ

खड्ड्यात पाणी. अर्धे चाक बुडाले आहे. टेकचंदने मुद्दाम सोडले. त्याच्या दारासमोर उभा राहून बोलायचे ते सगळे बोललो, सात पिढ्या काढल्या. मग आठवले की त्या सातही शकुनच्याच आहेत. तो शांतपणे दात घासत म्हणाला, पाणी खालतंच जाते भाऊजी, तुमचं नाव विचारून जाते का?

दुपार

पाणी उपसले. मोटर ओली. चाक फिरले की वाऱ्याने आपोआप सुकेल, असा विचार करून बटण दाबले. धूर निघाला. वास फार वाईट. अख्ख्या गल्लीची लाईट गेली.

मोटर निकृष्ट निघाली.

१६ फेब्रुवारी

निषेध म्हणून अबोला धरला आहे.

१८ फेब्रुवारी

अबोला चालू. अजून कोणाच्या लक्षात आलेला नाही.

२० फेब्रुवारी

बायकांनी दोर लावून चाक वर काढले. टेकचंदने ट्रॅक्टर दिला, त्याच टेकचंदने! शहापूरला मोटर भरून आणायला गेल्या. मला येता का असेही विचारले नाही. मी अबोल्यात होतो हे खरे, पण विचारायला काय जात होते?

घरात एकटाच होतो. वडिलांच्या दगडी चाकावर बसून पाहिले. काठी घातली, ढकलली. चाक अर्धा फेरा फिरून थांबले. पुन्हा ढकलले. हात वरच जाईना. फार वाईट वाटले. चाकाला तेल लागत असेल.

२४ फेब्रुवारी

चाक आता सपरीत, घरापुढच्या छपराखाली, कोरड्या जागेत, स्टुलासह. शकुन बसली आहे. ही व्यवस्था तात्पुरती आहे. नवीन मशीन आधी कोणीतरी रुळवून द्यावी लागते, मग मी ताबा घेईन. तिला हे स्पष्ट केले. चाक चालू होते. तिला ऐकू गेले नसावे.

शेजारच्या बाया बघून गेल्या. घरावर वीज पडली नाही. पडेल असे मी कधी म्हटलेही नव्हते.

तिच्या कामातल्या चुका : गळा अरुंद. बूड जड. मध्येच गाणे म्हणते. चौथा माठ पाहिला तेव्हा गळा बरोबर होता. तो उलटून पालटून पाहिला. चूक सापडली नाही. उद्या पुन्हा बघतो.

६ मार्च

मोहाडीचा बाजार. चिंचेखाली वेळेवर पोचलो. कॅम्परवाल्याची ताडपत्री पुन्हा आमच्या जागेत, पण त्याच्याशी भांडायला वेळच मिळाला नाही. माठ भराभर जात होते. मी मांडी घालून पुढे, शकुन मागे पेंढा काढून माठ देत होती.

केशरबाई आली. वडिलांच्या वेळेपासूनची गिऱ्हाईक. तिने माठ उचलला, बोटाने वाजवला, कानाशी धरला. पुन्हा वाजवला. म्हणाली, पुंडलिका, यंदा तुझा हात बसला गा बाबू. मांगच्या साली नेला तो पाझरे, त्याच्या मांगच्याही साली. तुले वाईट वाटन म्हणून बोलली नाही. जुनं गिऱ्हाईक हाओ, नेत गेली.

मी म्हणालो, हो, यंदा माती चांगली लागली.

मागे शकुन होती. तिने ऐकले. मला वाटले आता बोलेल. बोलायला तिचा हक्क होता, मी तिच्या जागी असतो तर अख्ख्या बाजाराला ओरडून सांगितले असते. ती दुसऱ्या माठातला पेंढा काढत राहिली. मग केशरबाईला म्हणाली, झाकणी पण घेऊन जा जी.

घरी येताना बसमध्ये आम्ही दोघे गप्प. आज अबोला नव्हता. तोंडच उघडेना.

९ मार्च

नवे ठराव :

एक. टेकचंदचा धुरा हा विषय संपला. त्याच्याशी बोलायचे, पण आधी त्याने बोलायचे.

दोन. खड्डा बुजवायचा नाही. शकुन म्हणाली होती बुजवा, मी ठाम नकार दिला. मी जागा निवडली ती उगाच नाही. धुऱ्याकडून ओल येते, त्यामुळे माती भिजत घालायला याहून चांगला खड्डा तालुक्यात नाही. हे माझ्या डोक्यात पहिल्यापासून होते.

तीन. माती तुडवायला कोणीतरी जाणता माणूस लागतो. रुचिकाचे पाय हलके. यात खांदा लागत नाही. म्हणजे खांदा ठीकच आहे.

सकाळपासून खड्ड्यात आहे. कमरेला धोतर खोचलेले, गुडघ्यापर्यंत माती. इथून सपरीतले चाक बरोबर नजरेसमोर दिसते, त्यामुळे देखरेख चांगली होते. प्रफुल्ल सर्व्हिसिंगला आला होता. रुचिकाला विचारत होता, ते खड्ड्यातले बाबा कोण.

टेकचंद धुऱ्यावर आला, पाहिले, आणि पहिल्यांदाच काही न बोलता गेला. मला ते आवडले नाही. त्याने काहीतरी बोलायला हवे होते.

शकुनने हातातला गोळा दाबून पाहिला. वरून म्हणाली, अजून खडे लागून राहिले जी, थोडी तुडवा.

मी बरं म्हणालो.