कपाटातून दोनदा पुकारलेले शब्द

प्रिय ताई,

नमस्कार (वाकून नव्हे, वाकलो की उठवायला दोघं लागतात). तुझे गुडघे काय म्हणतात? माझे माझ्याशी बोलत नाहीत. भाऊजींची तब्येत कळव.

मला नवा नाद लागलाय. लोकांच्या तोंडचे शब्द जमवणारं एक सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर शब्द येतो, आपण तो म्हणायचा, गप्प झालो की ते आपणहून पुढच्या शब्दावर जातं. बटण नाही, काही नाही. पहिल्या दिवशी मी मुद्दाम काहीच न बोलता बसून ते काय करतं ते पाहिलं (वाट पाहतं, घरात माझ्या बोलण्याची एवढी वाट कोणी पाहत नाही). आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात बसलो. संगणक बाहेर, माइक, टॉर्च आणि छापील यादी माझ्याबरोबर आत. पण तीस वर्षं स्टँडवर गाड्या पुकारल्यात, सगळं दोनदा सांगायची सवय. ‘चमचा’ म्हणालो, दम घेतला, पुन्हा ‘चमचा’. दुसरा चमचा गेला पुढच्या शब्दाच्या नावावर. असे दोनशे शब्द झाल्यावर ते तपासणाऱ्या बाईंनी लिहून विचारलं, “काका, तुमच्याकडे खिडकीला चमचा म्हणतात का?”

सगळे पुन्हा म्हटले, एकेकदाच. तरी नापास. बाईंचं म्हणणं, प्रत्येक शब्द फलाट क्रमांक तीनवर लागल्यासारखा वाटतो, घरात बोलता तसं बोला. तुझी भावजय कपाटात शाल शोधायला आली, यादीत डोकावून ‘उशी’ म्हणाली आणि गेली. बाई म्हणाल्या, आवाज कुणाचा का असेना, शब्द असा हवा. मला हेवा वाटला. मग मी घरात बोलतो तरी कसा, याचा छडा लावायला लागलो. ‘पाणी’ तहान लागेपर्यंत थांबून म्हटलं. पास. ‘किल्ली’ ती सापडत नसताना म्हटलं. पास. ताई, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या पुकारल्या, स्वतःचा आवाज आत्ता कुठे ऐकतोय. बरा आहे गं.

तुझा धाकटा

ता. क. उत्तराची घाई नाही.

आणखी एक ता. क. घाई आहे. यादी महिनाअखेर बंद होते, आणि एक जरी शब्द राहिला तरी माझे सगळेच शब्द बाद. राहिलेला शब्द ‘ताई’. एकोणीस वेळा म्हटला. बाई लिहितात, हाक वाटत नाही. कशी वाटेल? चार वर्षांत तू इकडे फिरकली नाहीस. तुझी फार आठवण येते. ये, आणि पलीकडच्या खोलीत नुसती बस. पहिल्या हाकेला मात्र ओ देऊ नकोस. माझा खरा आवाज तिसऱ्या हाकेला लागतो.