सात ते आठ लिफ्ट बंद

४ मे
ओकारी येते या माणसांची! सोसायटीची सभा झाली. मला भाबडीला वाटलं, जिन्यातल्या मेलेल्या ट्यूब काढून एलईडी लावतील, टाकी भरून वाहिली तरी चालणाऱ्या पंपाचं बघतील. छे! ठराव काय, तर 'ऊर्जाबचतीचे फायदे ही सभा मान्य करते.' बस्स. सूचक अध्यक्ष संग्राम, अनुमोदक त्याचाच मेहुणा. टाळ्या! मी पंपाचं विचारलं तर म्हणतो, "एमिली मॅडम, आज फक्त भावना. टेक्निकल नंतर बघू."

५ मे
भावना कळली. 'प्रतीक म्हणून' महिनाभर रोज संध्याकाळी सात ते आठ लिफ्ट बंद! गेटवरचं कारंजं आणि त्याचे रंगीत दिवे मात्र चालू. शोभा आहे म्हणे. थू!

आम्ही चौथ्या मजल्यावर. पक्षाघातानंतर पप्पा डावा पाय ओढत चालतात. गावातलं घर सोडून माझ्याकडे बोळिंजला आले, तेव्हापासून अख्ख्या दिवसात त्यांना एकच ओढ — मे महिन्यात गेटबाहेरच्या क्रुसाजवळची रोझरी, माळेवरची सामुदायिक प्रार्थना. ती सातला सुरू होते. अर्ध्या तासात संपते.

६ मे
ऑफिसातून आले तर पप्पा जिन्याच्या पहिल्या पायरीवर. काळोखात. हातात माळ. रोझरी संपवून आले आणि लिफ्ट बंद. रोझरीला येणाऱ्या व्हेरोनिकाने वर चहाला बोलावलं होतं, तीही दुसऱ्या मजल्यावर! डासांनी पाय फोडून काढलेत. मला म्हणतात, बरं वाटलं जरा वाऱ्याला. जिन्यात कसला आलाय वारा?

८ मे
संग्रामकडे गेले. अंकल करतील की ॲडजस्ट, म्हणाला. ठरावाला एकदा अपवाद केला की त्याची किंमत जाते म्हणे. स्वतः राहतो पहिल्या मजल्यावर, मेला.

९ मे
आजही पायरीवर.

१४ मे
पप्पा खाली गेलेच नाहीत. पाय दुखतो म्हणाले. खोटं! माझी चिडचिड नको म्हणून. खिडकीत बसून एकटेच पुटपुटत होते. खालून क्रुसाजवळचं गाणं ऐकू येत होतं. मला रडू आलं, मग संताप.

२१ मे
सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. पप्पा! पायरीवर बसलेले. कोणी काढला देव जाणे. खाली लिहिलंय, 'आमच्या ठरावाला ज्येष्ठांचाही उत्स्फूर्त प्रतिसाद.' त्याखाली अंगठेच अंगठे. कुठल्याशा स्पर्धेला पाठवलाय म्हणे. किळस आली. लांबलचक उत्तर लिहिलं. उद्या सकाळी टाकणार, सोडणार नाही.

२२ मे
टाकण्याआधी पप्पांना फोटो दाखवला. वाटलं, भडकतील. चष्मा लावून कितीतरी वेळ बघत बसले. मग म्हणाले, "माळ छान दिसते गं हातात. मोठा करून आण. माझ्या मयताला हाच लाव."