काळ्या अक्षरांतली शुगर

अन्नपूर्णा, इंदूर
रविवार, दुपार

प्रिय कस्तुरी,

तुला फोन करायला सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. फोनवर तू लगेच माझीच समजूत घालायला लागतेस आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहितेय. मंगळवारच्या तुझ्या बढतीच्या मुलाखतीआधी मिळावं म्हणून ईमेलने पाठवतेय, पण पत्र समजून वाच.

इथे थंडी बरी आहे. पलासियाच्या ऑफिसात तुझ्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाही. मी तिथे पिशवी ठेवते. तू पुण्याला गेल्यापासून डबा पाच मिनिटांत संपतो.

आपल्या टीमच्या ब्राउझरची नवी आवृत्ती बुधवारी निघणार होती. आता निघणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या वसुंधराकाकू रक्ताचा रिपोर्ट बघायला आल्या. त्यांना फोनवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मी तो माझ्या लॅपटॉपवर, नव्या आवृत्तीत उघडला. त्या लॅबच्या पानावर वाढलेले आकडे लाल येतात, हे काकूंना पाठ आहे. त्या खूश होऊन म्हणाल्या, "देख इरा, सब काला है. म्हणजे आज गराडूचे तळलेले काप खायला हरकत नाही ना?" मी हो म्हणणार तेवढ्यात आकडा दिसला. उपाशीपोटी शुगर ३१२. काळ्या अक्षरांत. तेच पान जुन्या आवृत्तीत उघडलं, तर लाल. काकूंना लगेच त्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, औषध बदललं, आता ठीक आहेत. रिक्षात म्हणाल्या, "तुझा कंप्युटर तर माझ्यापेक्षा भोला निघाला." मला हसता आलं नाही.

तुला हे समजवायची गरज नाही, पण मलाच ते एकदा सरळ मांडून बघायचंय. 'धोका' नावाच्या चौकटीतला आकडा लाल, असा पानाचा नियम असेल तर ब्राउझरला एकात एक बसवलेल्या चौकटींतून, आकड्यापासून एकेक चौकट वर चढत 'धोका' कुठे आहे का ते शोधावं लागतं. हजारो आकडे, हजारो नियम. सगळा वेळ चढण्यात जातो. म्हणून वरच्या सगळ्या चौकटींची नावं एका चिठ्ठीत ठेवायची आणि चढण्याआधी तिला विचारायचं. ती चुकून 'असेल' म्हणाली तर एक फेरी फुकट जाते. चुकून 'नाही' मात्र तिने कधीच म्हणू नये. मी ती चिठ्ठी दर वेळी नव्याने न बनवता पुन्हा पुन्हा वापरली, मोठी पानं चौदा टक्के लवकर उघडायला लागली आणि आपल्या दोघींचं कौतुक झालं. पण लॅबचं पान आकडा आधी एका जागी बनवतं आणि मग उचलून 'धोका'च्या चौकटीत ठेवतं. आकडा नव्या घरी गेला, चिठ्ठी जुन्या घरची राहिली. ती 'नाही' म्हणाली आणि आकडा काळाच राहिला.

शनिवारी डायरी काढून मागे गेले. बारा सप्टेंबरला लिहिलंय, 'जागा बदलण्याची ती टेस्ट तीनशे वेळांत एकदा फेल होते. उद्या बघायचं.' तेराला देपालपुरातल्या लग्नाबद्दल दोन पानं आहेत, चौदाला ताप. त्या टेस्टचं नाव पुन्हा कुठेच नाही. कधी पास, कधी फेल होणारी लहरी टेस्ट म्हणून मी ती यादीतून बाजूला काढली होती, आपल्याकडे काढतात तशी. मी विसरले, की विसरायचं ठरवलं? कालपासून स्वतःला विचारतेय. रोज लिहिणाऱ्या बाईने नेमकं हेच लिहू नये, याचा मला जास्त संशय येतो.

आणि यापुढचं सांगायलाच हे पत्र आहे. काल आपले विभागप्रमुख म्हणून जयसिंगराव सरांना अहवाल पाठवला, त्यात कारण म्हणून लिहिलं, 'लिहिणारी आणि तपासणारी, दोघींच्याही नजरेतून सुटलं.' लिहिताना ते मला खरं वाटलं असं म्हणायला आवडलं असतं. सर फोनवर म्हणाले, "चलो, होता है. पण कस्तुरीपण चुकली? तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी ते दुरुस्त न करताच फोन ठेवला. मंगळवारी तुझी मुलाखत घेणाऱ्यांत ते आहेत, हे मला तेव्हाही माहीत होतं. माझा बदल तपासताना तू समासात विचारलं होतंस, 'ही टेस्ट यामुळेच तर फेल होत नाही ना? एकदा बघशील?' मी उत्तर दिलं, 'बघितलं, आधीपासूनच तसं आहे.' बघितलं नव्हतं. तू माझ्या शब्दावर मंजुरी दिलीस. आज सकाळी सरांना दुसरं पत्र पाठवलं, तुझा प्रश्न आणि माझं उत्तर तारखेसकट जोडून. त्यांनी अजून उघडलेलं नाही. मी दर दहा मिनिटांनी बघतेय. मंगळवारी ते तुला विचारतील, आणि सवयीने तू म्हणशील की मीही खोलात जायला हवं होतं. मला वाचवायला तसं म्हणू नकोस. तू विचारलं होतंस, एवढंच सांग.

अजून चालत असेल तर, तुझीच
इरावती