कुलपं काढलेलं घर

प्रिय टकटक,

या नावाने हाक मारलेली तुला अजून चालेल का, कोण जाणे. पण जिन्यात तुझी कुबडी वाजली की उठून दार उघडायचं, ही माझी सवय काही जात नाही. अजूनही जिन्यात खुट्ट झालं की मी कान टवकारते.

बातमी बाबांची आहे. पत्र फाडू नकोस, आधी वाच. त्यांनी घरातली सगळी कुलपं काढली. जन्मभर कुलपं विकलेला, कोळशाच्या पेटीलाही कुलूप घालणारा, किल्ल्यांची साखळी झोपतानाही कमरेपासून न सोडणारा आपला बाप! परवा ती साखळी त्यांनी खिडकीत आडवी बांधली आणि तिच्यावर ओले मोजे वाळत घातले. मी पोट धरून हसले, मग मोरीत जाऊन रडले. तुझ्या रिकाम्या खोलीत रोज स्वतः शेगडी पेटवतात. माझी नवीकोरी शाल शेजारणीला देऊन टाकली, मला न विचारता. त्याचा राग आला, तो अजून आहे.

शाळेतली नाताळची ती गोष्ट आठवते? चिक्कू म्हाताऱ्याकडे भुतं येतात आणि एका रात्रीत तो बदलतो. भुताच्या अंगावरची साखळी कशाचं प्रतीक आहे, असं बाईंनी विचारलं, तर तू म्हणालास, प्रतीक कसलं, आमच्या बाबांच्या कमरेला आहे ती. वर्ग खो खो हसला, तू नाही हसलास, हे बाईंनीच मला नंतर सांगितलं. गोष्टीतल्या लंगड्या पोराला म्हाताऱ्याने वाचवलं होतं. तुझ्या पायाचं ऑपरेशन मात्र ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणता म्हणता राहून गेलं, आणि मग डॉक्टरच म्हणाले, आता उपयोग नाही.

गेल्या महिन्यात जेवताना बाबांचा घास हातातच राहिला. म्हणाले, “त्याचा पाय माझ्यामुळे गेला. त्याला बोलाव, मला त्याची माफी मागायचीय.” मला वाटलं, देव पावला. आठवड्याने ते दुकानात कोसळले. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो दाखवला. मेंदूत पुढे गाठ आहे, तिच्या दाबाने स्वभाव पालटलाय. आपल्याकडे भूत नाही रे आलं, गाठ आली. काढली तर जगतील आणि बहुतेक पूर्वीसारखे होतील. ‘पूर्वीसारखे’ हे डॉक्टर इतक्या आनंदाने म्हणाले की मला त्यांचं तोंड बघवेना.

ऑपरेशनसाठी बाबांची सही धरत नाहीत, माझी हवी आहे. मी दोनदा टाळली. काल डॉक्टर चिडले, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, बघू पुढच्या आठवड्यात. आवाज माझा होता आणि शब्द बाबांचे. हा प्रेमळ बाप मला जन्मात पहिल्यांदा मिळालाय, आणि तो जपून ठेवायला मी त्यांचा जीव घालवायला निघाले होते. गुरुवारी मी सही करणार आहे. बापाला मारायचं नाही, म्हणून या बापाला घालवायचं. मला एकटीला हे झेपत नाही. त्याआधी ये. तुझी माफी मागणारा माणूस गुरुवारपर्यंतच घरात आहे. नंतर उठून बसतील ते कदाचित आधी साखळी शोधतील. तुला माफ करायचं नसेल तर करू नकोस, पण ये. या वेळी जिन्यात टकटक झाली की मी जागची उठणार नाही. दार बाबांनाच उघडू दे.

तुझीच,
ताई